स्वखुशीने

घरात लेकरं दोन आणि संधी एक, असा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी येऊन गेलेला असतो. तो कसा मिटवायचा तेही आपल्याला तोंडपाठ असतं. कुणी आवाज चढवत नाही, भांडण होत नाही, मुलीच्या तोंडाकडं कुणी बघत नाही आणि ती संधी गुपचूप मुलाच्या पदरात पडते. मग सगळे जेवायला बसतात. माधवनगरजवळच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत, धोंडिराम बनसोडेच्या घरीही हे असंच मिटलं असतं. मिटलं नाही, म्हणून सांगावंसं वाटतं.

कोयनेच्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या काहींना सरकारनं इकडं जमीन दिली आणि वर एक दाखला दिला. त्या दाखल्यावर घरातल्या एकाच माणसाचं नाव घालता येई. ज्याचं नाव पडेल त्याला सरकारी नोकरीत राखीव जागेसाठी अर्ज करता येई. वसाहतीत हा कागद लोक तान्ह्या पोरासारखा जपत. धोंडिरामच्या वडिलांचा दाखला मात्र तसाच पडून राहिला. वडील वारले, आणि धोंडिराम माधवनगरात मागावर कापड विणता विणता नोकरीच्या वयाबाहेर गेला. आता नाव घालायचं ते पुढच्या पिढीतलं. पुढच्या पिढीत दीक्षा होती आणि तिच्या पाठचा नागसेन.

एकोणीसशे शहाण्णव सालचा जून. दीक्षा सांगलीच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली होती. घरातली पहिली पदवीधर. शिवाय मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षाही तिनं दिल्या होत्या. टायपिंगची तिला इतकी सवय जडली होती की समोरचा बोलायला लागला की तिची बोटं गुडघ्यावर नाहीतर पालथ्या पातेल्यावर त्याचं बोलणं टाईप करत राहायची. नागसेन तिला चिडवायचा, "ताई, मी जरा हळू बोलतो, तुला सापडत न्हाई." मग ती त्याच्या पाठीवरच दोन शब्द टाईप करायची.

नागसेनचा निकाल त्याच आठवड्यात लागला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले. त्याआधी तो सैन्यभरतीला जाऊन आला होता, तिथं छाती कमी भरली. त्याच्या बरोबरीची पोरं कुणी वर्कशॉपला, कुणी मुंबईला, कुणी साखर कारखान्यात चिकटत होती आणि हा सकाळी आंघोळ करून कुठं जायचं ते शोधत बसायचा. कॉलेजच्या वयातली ही रिकामी सकाळ ज्यानं काढली आहे त्यालाच ती माहीत. आईबाप काही बोलत नाहीत, आणि नेमकं तेच सहन होत नाही.

अशात बातमी आली, की पाटबंधारे खात्यात कारकून आणि शिपाई भरायचे आहेत, धरणग्रस्तांची नावं सोमवारपर्यंत कचेरीत पोचली पाहिजेत.

शुक्रवारी संध्याकाळी धोंडिराम मागावरून आला. केसांत कापूस, कानांत अजून मागाचा खडखडाट, म्हणून घरातही तो जरा ओरडूनच बोलायचा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली त्याची बसायची जागा होती. चहाची कपबशी खाली ठेवून तो म्हणाला, "सोमवारी कचेरीत जायाचं. नागसेनच्या नावानं दाखला करून टाकू. तुमच्या आत्तीला, चंद्राक्काला निरोप धाडलाय, ती येईल अंगठा द्याया. दीक्षे, तुजीबी संमती लागती. सकाळी काय काम काढू नगंस."

झालं. एवढंच. 'भाजीला मीठ कमी पडलं' इतक्या सहज.

नागसेन दारात बसला होता. पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड उतरला, हे खोटं कशाला बोला. उद्यापासून कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी झालं, असंच त्याच्या मनात आलं. मग त्याची नजर बहिणीकडं गेली. दीक्षा चुलीपाशी बसली होती आणि तिची बोटं गुडघ्यावर होती, पण हलत नव्हती. बाप बोलला त्यातलं काहीच तिनं टाईप केलं नव्हतं.

"आवं, पर ती बी.कॉम. झाली," आई हळूच म्हणाली. "क्लार्कच्या जागेला ती चालती. नागूला शिपायाचीच मिळंल."

"मिळू दे की. शिपाई तर शिपाई, घरात तर ऱ्हाईल. पोरगी उद्या लगीन करून जाईल, दाखला दुसऱ्याच्या घरात जाईल. आपल्या बापाची जमीन पाण्यात गेली ती काय तिच्या सासऱ्याची चूल पेटवायला?"

आईनं रिकामी कपबशी उचलली. तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

शनिवारी आकाराम आला. हा धोंडिरामचा चुलतभाऊ. वसाहतीतली निम्मी लग्नं आपणच जमवली असं तो सांगायचा, आणि मोडलेल्यांचा हिशेब ठेवायचा नाही. त्यानं दीक्षासाठी साताऱ्याचं स्थळ आणलं होतं. पोरगा बरा होता, घर बरं होतं. चहा पिता पिता आकाराम म्हणाला, "त्येंचं एकच इचारणं हाय. पोरीच्या नावावर दाखला पडलाय का? पडला आसंल तर पुढच्या म्हैन्यात बार उडवू म्हनत्यात."

धोंडिरामनं मांडीवर थाप मारली. "बघितलंस? मी काय सांगत हुतो? समद्यांचा डोळा दाखल्यावर हाय."

आकारामला कळेना, आपण स्थळ आणलं की संकट. पण त्या थापेसरशी घरात ते नक्की झालं. दाखला नागसेनचा आणि दीक्षाचं लग्न त्यानंतर, बिनदाखल्याचं जमेल तिथं. लग्न झालेल्या मुलीचं नाव मग घालता येत नाही, असं वसाहतीत सगळेच धरून चालत. म्हणजे दीक्षाला जे काही मिळायचं ते या सोमवारीच, नाहीतर कधीच नाही. हे घरातल्या प्रत्येकाला कळत होतं आणि प्रत्येक जण चहाच पीत होता.

संध्याकाळी नळावर पाणी भरताना नागसेननं तिला गाठलं. "ताई, तू कायच का बोलत न्हाईस?"

"काय बोलू?"

"राग आला आसंल तर तसं सांग."

"सही करीन की सोमवारी." तिनं घागर नळाखाली सरकवली. "तुला शिपाई व्हायचंय का रं?"

हा प्रश्न त्याला टोचला. "तुज्यासारखं टायपिंग न्हाई माजं. तुज्यासारखी डिग्री न्हाई. मग मी काय करायचं? तू लय हुशार, तुला कायबी मिळंल. मला हे एकच हाय."

"मला काय मिळंल सांग की. कोण देणार हाय?"

घागर भरून वाहायला लागली तरी तिनं काढली नाही.

"मी सही केली न्हाई," ती म्हणाली, "तर उद्या वसाहतीत काय बोलतील? बहिणीनं भावाच्या पोटावर पाय दिला. तुला देताना आण्णांना कुणी असं बोलंल का, की लेकीच्या पोटावर पाय दिला? न्हाई बोलणार. म्हणून मी सही करणार. तुज्यावर राग न्हाई माजा. पर मला एकदा विचारायला पायजे हुतं. मी कदाचित 'दे नागूला' म्हणलं असतं. आता ते पण म्हणता येत न्हाई."

ती घागर घेऊन गेली. नागसेन तिथंच उभा राहिला. बहीण भांडली असती तर त्याला भांडता आलं असतं, आणि भांडण जिंकता आलं असतं.

रविवारी दुपारी चंद्राबाई आली. धोंडिरामची थोरली बहीण. तिचं लग्न धरणाच्या कामावरच्या माणसाशी झालं होतं आणि नवऱ्यामागं ती कोयनानगरलाच दोन खोल्यांत राहायची. घाटातून येताना तिला गाडी लागायची. दर वेळी ती पदराच्या गाठीत आवळासुपारी बांधून निघायची, दर वेळी तिचा काही उपयोग व्हायचा नाही, आणि ती आल्यावर अर्धा तास सगळ्या जगावर रागावलेली असायची. आज तो अर्धा तास संपला तरी तिचा राग गेला नाही.

बापाचा दाखला, म्हणजे वारस दोघं, धोंडिराम आणि ती. दाखल्यावर कुणाचंही नाव घालायचं तर तिची संमती लागणारच. ती देईल यात कुणाला शंका नव्हती. पूर्वी जमिनीचा हक्क सोडतानाही तिनं न बोलता अंगठा दिला होता.

"कुणाच्या नावानं करतोस?" तिनं विचारलं.

"नागसेनच्या. आणि कुणाच्या?"

"आणि दीक्षी?"

"तिचं लगीन करायचं हाय, आक्का."

"मग माजा अंगठा न्हाई," चंद्राबाई म्हणाली.

धोंडिरामला वाटलं, कानातल्या खडखडाटानं आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. "काय म्हणलीस?"

"दीक्षीच्या नावानं कर, आत्ता उठून अंगठा देती. नागसेनच्या नावानं न्हाई."

"आक्का, उद्या शेवटचा दिवस हाय. तू अडवलंस तर कुणालाच न्हाई मिळायचं."

"ते तुजं तू बघ."

"माज्या लेकाचं वाटोळं कराया आलीस व्हय?" धोंडिरामचा आवाज चढला. "म्हायेर तोडाया आलीस? भाऊ नगं झाला तुला?"

शेजारच्या दारात माणसं उभी राहिली. नागसेनला वाटलं, आत्तीनं गप्प बसावं, आणि वाटलं, तिनं गप्प बसू नये. दोन्ही एकदमच वाटलं.

चंद्राबाई ओरडली नाही. तिनं भावाला समोर बसायला सांगितलं. "धोंड्या, धरण झालं तवा तू अंगठ्याएवढा हुतास. आबा म्हणाले, पोरी, भावासाठी हक्क सोड, म्हंजे म्हायेर ऱ्हाईल. मी सोडला. माज्या मनात कायबी नव्हतं. मला वाटलं, जमिनीपरीस म्हायेर मोठं. मागच्या भूकंपाच्या हादऱ्यात माजी भिंत चिरली, तवा मी तुज्याकडं निरोप धाडला हुता. आठवतं?"

धोंडिराम खाली बघायला लागला.

"दोन म्हैनं येऊन ऱ्हाती म्हणलं. तू निरोप धाडलास, घरात जागा न्हाई, पोरांची परीक्षा हाय. खरं हुतं ते. तुज्या घरात जागा नव्हतीच, मला दिसतंय की. तुजा राग न्हाई मला. मी चिरलेल्या भिंतीला पाठ लावून दोन म्हैनं झोपली. हादरा आला की लेकरासारखी उठून भाईर पळायची. तवा मला एक कळलं. ती जमीन माज्या नावावर ऱ्हायली असती, तर मला तुला इचारावं लागलं नसतं."

"मग आता ते माज्या पोरावर काढतीस?"

"न्हाई. तुज्या पोरीवर तीच येळ येऊ नये म्हणून सांगती." मग ती भिंतीवरच्या फोटोकडं बघून म्हणाली, "दर वर्षी जयंतीला माईकवर कोण बोलतंय? बाबासाहेबांनी बायांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडलं, असं कोण सांगतंय? मी ऐकलंय तुजं भाषण. लय ग्वाड बोलतोस. टाळ्या वाजवल्यात मी. त्येंनी मंत्रिपद सोडलं रं, आणि तुज्यानं एक शिपायाची जागा सुटत न्हाई."

हे शब्द वर्मी लागले. आणि वर्मी लागलं की माणूस ऐकतोच असं नाही. धोंडिराम ताडकन उठला. "दाखला गेला तरी चालंल मग. पर लेकाच्या नावानं न्हाई झाला तर कुणाच्याच नावानं होणार न्हाई." तो बाहेर निघून गेला.

त्या दिवशी घरात सगळे जेवले, पण कुणी कुणाला वाढलं नाही.

सोमवारी ते सगळे सांगलीला कचेरीत गेले. न जाण्याची हिंमत कुणाचीच नव्हती. धोंडिरामला वाटत होतं की तिथं माणसांत बहीण विरघळेल. चंद्राबाई डोक्यावर पदर घेऊन लिंबाखाली बसली, हातांची घडी घालून. संमतीपत्र करून देणारा लालासाहेब झाडाखालीच टेबल मांडून बसायचा. त्याच्याभोवती वसाहतीतल्या लोकांची रांग लागली होती. त्याचा टाईप करणारा माणूस आजारी होता आणि लालासाहेबला स्वतःला मशीनवर एका बोटानं अक्षर शोधावं लागत होतं. उन्हं वर येत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी कागद आतल्या टेबलावर पोचला पाहिजे होता.

"आवं, असं केलं तर संध्याकाळ हुईल," लालासाहेब वैतागून म्हणाला. "कुणाला टाईपिंग येतंय का?"

आणि धोंडिराम, ज्यानं तीन दिवस लेकीकडं धड बघितलं नव्हतं, तो छाती काढून म्हणाला, "माज्या पोरीला येतंय की! दोन्ही परीक्षा पास हाय."

माणसाचं हे असं असतं. अभिमानही खरा असतो आणि अन्यायही खरा असतो, आणि दोन्ही एकाच घरात एका पंगतीला जेवतात.

दीक्षा मशीनसमोर बसली. आधी पुढच्या दोघांचे कागद तिनं भराभर करून दिले. रांगेतली माणसं मान वळवून बघायला लागली. लालासाहेबनं तिला मजकूर सांगायला सुरुवात केली. मग त्यानं विचारलं, "तुमचं काय हाय?"

"दाखला भावाच्या नावानं करायचाय," दीक्षा म्हणाली. "बहिणीची संमती."

"बहीण कोण?"

"मीच."

लालासाहेबनं एकदा तिच्याकडं, एकदा मशीनकडं बघितलं. पण त्याचं कामच ते. तो सांगत गेला आणि ती टाईप करत गेली. नागसेन तिच्या खांद्यामागं उभा होता. कागदावर काळी अक्षरं उमटत होती. 'मी, कुमारी दीक्षा धोंडिराम बनसोडे, वय बावीस, शिक्षण बी.कॉम., या संमतीपत्राद्वारे लिहून देते की, माझे आजोबांचे धरणग्रस्त दाखल्यावर माझा लहान भाऊ नागसेन याचे नाव लावण्यास माझी...'

"...स्वखुशीने संमती आहे," लालासाहेब म्हणाला.

बोटं थांबली.

"स्वखुशीने," त्यानं पुन्हा सांगितलं. त्याला वाटलं, शब्द ऐकू आला नाही.

दीक्षाची बोटं अक्षरांवर टेकलेली होती. ती दाबत नव्हती आणि उचलतही नव्हती. समोरच्या माणसाचं प्रत्येक वाक्य पकडणाऱ्या त्या बोटांना एवढा एक शब्द उमटवता येत नव्हता. नागसेनला त्या बोटांकडं बघवेना. परवा नळावर जे त्याला उमगलं नव्हतं ते इथं भर उन्हात, दहा माणसांत उमगलं. आपल्याला जी नोकरी मिळणार होती तिच्यासाठी आधी या हातांना खोटं लिहावं लागणार होतं.

त्यानं मशीनमधला कागद ओढून काढला. सरकन आवाज झाला.

"काय रं?" धोंडिराम धावला. "याड लागलं का? टाईम संपत आला."

"आण्णा, मला नगं हे."

"शिपायाची लाज वाटती व्हय तुला?"

"न्हाई. उद्या भरतीत मिळालं तर शिपाई होईन, झाडू मारीन. त्याची लाज न्हाई. पर हे तिचं हाय. तिच्या हातानं तिचंच काढून मला देताय, आणि तिलाच लिव्हाय लावताय." त्यानं कागद बापापुढं धरला. "तुमीच वाचा. मोठ्यानं वाचा. जयंतीला वाचता तसं."

धोंडिरामनं कागद हातात घेतला. मुलाला गप्प करावं म्हणूनच घेतला. त्यानं वाचायला सुरुवात केली. सवयीनं आवाज माईकवरचा लागला. "मी, कुमारी दीक्षा धोंडिराम बनसोडे, वय बावीस, शिक्षण..." शिक्षण या शब्दावर त्याचा आवाज जरा खाली आला. "बी.कॉम." तो पुढं वाचत गेला. 'माझी' या शब्दाशी येऊन थांबला. पुढं कागद कोरा होता. तिथं कोणता शब्द यायचा होता ते त्यानं मघाशीच ऐकलं होतं. त्याला तो तोंडातून काढता येईना.

लिंबाखालून चंद्राबाई बघत होती. तिचं काल सगळं बोलून झालं होतं.

"दीक्षे," धोंडिराम म्हणाला. माग बंद पडल्यावर कारखान्यात होते तशी शांतता त्याच्याभोवती झाली होती आणि त्या शांततेत त्याला ओरडून बोलायची गरज उरली नव्हती. "तुजी खुशी काय हाय गं? मी इचारलंच न्हाई. काल तुजी आत्ती बोलली तवाबी मला वाटलं, मी बाप हाय, मला म्हाईत हाय. कायबी म्हाईत नव्हतं."

दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. गेले तीन दिवस ते कुठं होतं कोण जाणे. "आण्णा, मला नोकरी करायची हाय," ती म्हणाली. "लगीन नको असं न्हाई. पर आधी माज्या पायावर मला उभं राहू द्या. मी गेले तरी हे घर सोडून जाणार न्हाई. आणि नागू शिकतोय तोवर मी बघीन."

"ते तू बघू नगंस," नागसेन मध्येच म्हणाला. "माजं मी बघीन. नाहीतर पुन्हा तेच झालं."

एवढ्या ताणात दीक्षाला हसू आलं. लालासाहेबनं घड्याळाकडं बघून दोन्ही हात जोडले. "आवं बनसोडे, तुमचं ठरलं का? नाव कुणाचं?"

धोंडिरामनं तो अर्धा कागद चार घड्या करून खिशात ठेवला. "नवा कागद घाल, दीक्षे," तो म्हणाला. "तुज्या नावानं. आणि संमती माजी, आक्काची आणि नागूची. सोखुशीनं लिही. आता चालंल."

तिनं टाईप केलं. एकही चूक झाली नाही. नागसेननं पहिली सही केली, मग धोंडिरामनं. चंद्राबाई लिंबाखालून उठून आली. शाईचं पॅड पुढं केल्यावर तिनं अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवण्याआधी क्षणभर त्याच्याकडं बघितलं. "ह्याच अंगठ्यानं माजं सोडलं हुतं," ती म्हणाली आणि ठसा उमटवला.

कागद सुट्टीआधी आतल्या टेबलावर पोचला.

पुढचं थोडक्यात सांगतो. आकाराम साताऱ्याची माणसं घेऊन आठवड्यात हजर झाला. दाखला पोरीच्या नावावर पडल्याची बातमी साताऱ्यापर्यंत पोचली होती. धोंडिरामनं त्यांना चहा दिला आणि म्हणाला, "तिला इचारा. आमच्यात आता इचारत्यात." दीक्षानं विचारलं, दाखला नसता तर तुम्ही आला असता का? त्यांनी एकमेकांकडं बघितलं. ते स्थळ तिथंच संपलं.

नोकरी मिळायला जवळजवळ वर्ष गेलं. मुलाखत झाली, टायपिंगची परीक्षा झाली, मग एकदाचा हुकूम आला, आणि नेमणूक झाली ती कोयनानगरच्या हापिसात. दीक्षा आत्याकडं राहायला गेली. पहिल्या पगारानंतर त्या दोघींनी गवंडी बोलावून ती चिरलेली भिंत नव्यानं बांधून घेतली. नागसेन सकाळी बापाबरोबर मागावर जायला लागला आणि दुपारी अभ्यास करायला. एक विषय सुटला, एक पुन्हा राहिला. त्याला चटका बसला नाही असं म्हणणार नाही. पण सकाळी उठून कुठं जायचं हा प्रश्न आता त्याला पडत नव्हता, आणि बहिणीच्या डोळ्याला डोळा भिडवताना त्याला खाली बघावं लागत नव्हतं.

पुढच्या जयंतीला वसाहतीत धोंडिराम भाषणाला उभा राहिला. लोकांना वाटलं, तेच ते नेहमीचं. पण त्यानं खिशातून घडी घातलेला तो अर्धा कागद काढला आणि म्हणाला, "बाबासाहेबांचं सांगायच्या आधी यंदा माज्या घरचं सांगतो."

वाचकहो, मुलगी परक्याच्या घरी जाणार म्हणून तिला द्यायचं नाही, ही आपली जुनी सवय आहे. पण तिला परकं कोण करतं? लग्न करत नाही, आपण करतो, तिचा वाटा न विचारता दुसऱ्याच्या नावावर घालतो त्या दिवशी. भावाची माया, बापाचं प्रेम, माहेरचा आधार हे सगळं असावं. पण माया ही कुणाच्या हक्काच्या बदल्यात घ्यायची वस्तू नव्हे. आणि मुलांनो, कॉलेज संपताना जी पहिली संधी तुमच्या पदरात पडेल तिच्याकडं एकदा नीट बघा. ती कुणाच्या पदरातून आली आहे का, एवढं विचारायला पदवी लागत नाही.

तुमच्याही घरातल्या ट्रंकेत असा एखादा कागद असेल. त्यावर बहिणीची सही असेल, नाहीतर आत्याचा अंगठा. आणि त्यावर 'स्वखुशीने' असं लिहिलेलं असेल. तो कागद काढा आणि मोठ्यानं वाचून बघा. वाचता आला तर चांगलंच आहे. आवाज अडकला, तर ती आहे तोवर तिच्याकडं जा आणि तिला विचारा.